नवी गोळी घेण्यापूर्वी : औषधांची आपापसातली आंतरक्रिया कशी तपासावी



नोव्हेंबर उजाडला की अल्बनीतल्या बऱ्याच घरांत आई-बाबा किंवा सासू-सासरे यायची तयारी सुरू होते. त्यांच्या बॅगेत भाजणी, गोडा मसाला, नातवंडांचे कपडे असतात आणि एका पिशवीत रबरबँड लावलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स असतात. इथे आल्यावर हवा बदलते. गुडघा दुखायला लागतो, खोकला धरतो, पोट बिघडते. मग सुपरमार्केटमधून एक गोळी येते, फार्मसीतून दुसरी येते, जीपी तिसरी लिहून देतात आणि ओळखीच्या कुणीतरी दिलेले चूर्ण वर असतेच. यातली प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी ठीक असते. त्रास होतो तो त्या सगळ्या एकाच पोटात गेल्यावर.

एका औषधाने दुसऱ्या औषधाच्या कामात केलेल्या या ढवळाढवळीला औषधांची आंतरक्रिया म्हणतात. डॉक्टर-फार्मासिस्ट 'इंटरॅक्शन' म्हणतात आणि आपणही बोलताना तोच शब्द वापरतो. ती घरच्या घरी कशी ओळखावी, न्यूझीलंडमध्ये कुठे तपासावी आणि कुणाला विचारावे याची माहिती या लेखात एकत्र दिली आहे. लेख छापून फ्रीजवर लावता येईल अशा बेताने लिहिला आहे.

हळदीची गोष्ट

सुरुवात आपल्या ओळखीच्या वस्तूपासून करू. २०१८ साली न्यूझीलंडच्या मेडसेफ या औषध नियंत्रक संस्थेने हळदीबद्दल एक इशारा प्रसिद्ध केला. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्या एका रुग्णाची तब्येत स्थिर होती. त्याने हळदीचे, म्हणजे करक्युमिनचे एक सप्लिमेंट सुरू केले आणि काही आठवड्यांत त्याचा आयएनआर १० च्या वर गेला. वॉरफरिन घेणाऱ्या बहुतेकांचा आयएनआर २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. १० च्या वर म्हणजे शरीरात कुठेही मोठा रक्तस्राव होण्याचा धोका.

आमटीत घातलेली चिमूटभर हळद आणि हळदीचा अर्क भरलेली कॅप्सूल यांत फार फरक आहे. इशारा सप्लिमेंटबद्दल होता, फोडणीबद्दल नव्हता. पण यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. 'नैसर्गिक' वस्तूसुद्धा औषधाशी भांडू शकते. आणि रुग्णाने सांगितल्याशिवाय अशी वस्तू डॉक्टरांच्या किंवा फार्मसीच्या संगणकावर दिसत नाही.

या लेखाचे सारही हेच. तपासणी कितीही चांगली असली तरी ती दिलेल्या यादीपुरतीच असते. यादी अर्धी दिली तर उत्तरही अर्धेच मिळते.

इंटरॅक्शन होते म्हणजे काय होते?

ढोबळमानाने चार प्रकार लक्षात ठेवावेत.

१. दोन औषधे एकाच दिशेने ओढतात. झोपेची गोळी आणि झोप आणणारी सर्दीची गोळी एकत्र घेतली तर पहाटे बाथरूमला जाताना तोल जातो. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन एकत्र घेतले तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते.

२. दोन औषधे उलट दिशेने ओढतात. रक्तदाब कमी करणारी गोळी चालू असताना नाक मोकळे करणारी काही औषधे रक्तदाब वाढवतात.

३. एक औषध दुसऱ्याला आतड्यातून रक्तात जाऊच देत नाही. कॅल्शियम आणि लोह यात पटाईत आहेत. थायरॉईडची गोळी किंवा काही अँटिबायोटिक्स त्यांच्याबरोबर घेतली की ती बरीचशी वाया जातात.

४. एक औषध दुसऱ्याचा निचरा बदलते. बरीच औषधे यकृतातल्या ठरावीक एन्झाइम्सकडून मोडली जातात. तो रस्ता एखाद्या औषधाने अडवला तर दुसरे औषध रक्तात साचत जाते. म्हणजे गोळी एकच घेतली, पण परिणाम दोन-तीन गोळ्यांचा होतो. सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीसारख्या काही वस्तू उलट करतात. त्या निचरा वाढवतात आणि औषध निकामी होते.

यातल्या चौथ्या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण ग्रेपफ्रूटचे आहे. कॅनडातल्या संशोधकांनी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाच्या एका प्रयोगात अल्कोहोलची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला होता. त्यांना औषधाचे रक्तातले प्रमाण अपेक्षेपेक्षा बरेच जास्त आढळले. ही गोष्ट १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आज कित्येक औषधांच्या माहितीपत्रकात ग्रेपफ्रूटचा इशारा असतो. आपल्याकडचे पपनस त्याच कुळातले. ज्यांच्या औषधावर ग्रेपफ्रूटचा इशारा आहे त्यांनी पपनसाबद्दलही विचारून घ्यावे.

आपल्या घरांत हे जास्त का घडते?

• भारतातल्या अनेक गोळ्यांत दोन-तीन औषधे एकत्र असतात. नाव एक, गोळी एक, पण औषधे दोन किंवा तीन. भारत सरकारने २०१६ मध्ये अशा ३४४ आणि २०२४ मध्ये १५६ मिश्रणांवर बंदी घातली. तरी चांगली व प्रचलित मिश्रणे बरीच आहेत.

• भारतातले ब्रँडचे नाव इथल्या डॉक्टरांना ओळखीचे नसते. 'मी टेल्मा घेतो' म्हटल्यावर त्यांना काहीच कळत नाही.

• इथे फार्मॅक ही संस्था सरकारी अनुदानाची औषधे ठरवते आणि करार बदलला की फार्मसीत मिळणारा ब्रँडही बदलू शकतो. डबीचा रंग आणि नाव बदलते. जुनी उरलेली आणि नवी आलेली एकच गोळी दोन वेगळी औषधे समजून घेतली जाते.

• बॅगेतून आलेली औषधे, सुपरमार्केटमधली गोळी, आयुर्वेदिक काढा यांची नोंद इथल्या कुठल्याही संगणकावर नसते.

• आणि शेवटचे कारण आपल्या स्वभावाचे. डॉक्टरांनी विचारले की बाबा सांगतात, 'बीपी आणि शुगरची गोळी, बाकी काही नाही.' गुडघ्याची गोळी ते धरत नाहीत कारण ती रोज घेत नाहीत. चूर्ण धरत नाहीत कारण ते औषधच नाही. झोपेची गोळी सांगत नाहीत कारण मुलगा काळजी करेल.

पायरी पहिली : पूर्ण यादी

एक दुपार काढा. घरातली सगळी औषधे जेवणाच्या टेबलावर आणा : कपाटातली, पर्समधली, उशाखालची, देवघराशेजारच्या डब्यातली. आई-बाबांना चौकशी वाटेल असे विचारू नका, सोबत बसून लिहा. प्रत्येकासाठी वेगळा कागद घ्या आणि त्यावर पुढील गोष्टी टिपा.

• औषधाचे मूळ, म्हणजे जेनेरिक नाव. भारतीय स्ट्रिपच्या मागे ते बारीक अक्षरांत छापलेले असते. एकापेक्षा जास्त असतील तर सगळी लिहा.
• किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर.
• कशासाठी घेतात आणि कधीपासून.
• अधूनमधून घेण्याच्या गोळ्या : डोकेदुखी, सर्दी, पित्त, बद्धकोष्ठ, झोप.
• डोळ्यांचे थेंब, इन्हेलर, इन्सुलिन, दुखऱ्या जागी लावायचे जेल.
• जीवनसत्त्वे, कॅल्शियम, लोह, प्रोटीन पावडर.
• आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, घरगुती काढे.
• ॲलर्जी, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा त्रास, मद्यपान.

नेहमी दिसणारी काही भारतीय नावे आणि त्यांच्या आतली औषधे खाली दिली आहेत. एकाच ब्रँडचे अनेक उपप्रकार असतात, त्यामुळे आपल्या हातातली स्ट्रिप वाचूनच खात्री करावी.

क्रोसिन, डोलो ६५० : पॅरासिटामॉल
कॉम्बिफ्लॅम : आयब्युप्रोफेन + पॅरासिटामॉल
व्होवेरान : डायक्लोफेनॅक (इथे व्होल्टारेन या नावाने ओळखीचे)
इकोस्प्रिन : ॲस्पिरिन
इकोस्प्रिन-एव्ही : ॲस्पिरिन + ॲटोर्व्हास्टॅटिन
टेल्मा-एएम : टेल्मिसार्टन + ॲम्लोडिपिन
टेल्मा-एच : टेल्मिसार्टन + हायड्रोक्लोरोथायाझाइड
ग्लायकोमेट-जीपी : मेटफॉर्मिन + ग्लिमेपिराइड
पॅन-डी : पँटोप्राझोल + डॉम्पेरिडोन
थायरोनॉर्म : लेव्होथायरॉक्सिन
शेलकॅल : कॅल्शियम + ड३ जीवनसत्त्व
सॉर्बिट्रेट : आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट
ॲसिट्रॉम : ॲसेनोकुमरॉल (वॉरफरिनच्या जातीचे)

पायरी दुसरी : कुठे तपासावे?

१. न्यूझीलंड फॉर्म्युलरी. २०१२ पासून असलेला हा इथला औषधकोश मुख्यतः डॉक्टर-फार्मासिस्टसाठी आहे. त्याच्या संकेतस्थळावर इंटरॅक्शन तपासण्याची सोय आहे. जेनेरिक नावे एकेक करून भरली की कोणत्या जोडीत काय घडू शकते ते येते. भाषा वैद्यकीय आहे, पण कुठे प्रश्न आहे हे कळायला पुरेशी आहे.

२. मेडसेफचे संकेतस्थळ. इथे मंजूर असलेल्या औषधांची डॉक्टरांसाठीची आणि ग्राहकांसाठीची माहितीपत्रके तिथे मिळतात. ग्राहकांच्या पत्रकात 'इतर औषधे घेत असाल तर' असा भाग असतो. तोच आधी वाचावा.

३. हेल्थिफाय. पूर्वी हेल्थ नेव्हिगेटर नावाने चालणारे हे संकेतस्थळ सोप्या इंग्रजीत आहे. आई-बाबांना वाचून दाखवायला हे सर्वात सोयीचे.

४. परदेशी संकेतस्थळे. अमेरिकन तपासणी पानांवर भारतीय जेनेरिक नावे सहसा सापडतात, पण काही नावे तिकडे वेगळी आहेत. पॅरासिटामॉलला ते ॲसिटामिनोफेन म्हणतात, साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल आणि ग्लिबेनक्लामाइडला ग्लायब्युराइड. नाव सापडले नाही म्हणजे औषध सुरक्षित आहे असा अर्थ काढू नये.

संगणकाच्या मर्यादाही लक्षात ठेवाव्यात. तो सहसा दोन-दोनच्या जोड्या तपासतो. तीन औषधे मिळून होणारा त्रास त्यातून निसटू शकतो. बाबांचे वय, मूत्रपिंडाची ताकद, कालपासून लागलेले जुलाब हे त्याला ठाऊक नसते. आयुर्वेदिक मिश्रणांची माहिती तर जवळपास नसतेच. म्हणून तिसरी पायरी टाळू नये.

पायरी तिसरी : फार्मासिस्टला विचारा

भारतात केमिस्ट म्हणजे बहुधा स्ट्रिप काढून देणारा माणूस. इथला फार्मासिस्ट विद्यापीठात औषधशास्त्र शिकलेला असतो आणि इंटरॅक्शन तपासणे हे त्याचे रोजचे काम आहे. त्यासाठी अपॉइंटमेंट लागत नाही. काउंटरवर विचारलेल्या साध्या प्रश्नाचे पैसेही पडत नाहीत. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना जीपीकडे पूर्ण फी भरावी लागते, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. शक्यतो सगळी औषधे एकाच फार्मसीतून घ्यावीत, म्हणजे निदान इथली तरी सगळी नोंद एका जागी राहते.

यादी हातात देऊन हे पाच प्रश्न विचारावेत.

• ही नवी गोळी या यादीतल्या कशाशी जमत नाही का?
• जमत नसेल तर दुसरा पर्याय आहे का, की फक्त वेळ बदलून चालेल?
• कोणती लक्षणे दिसली तर लगेच कळवायचे?
• रक्ततपासणी लागेल का?
• दुखणे-खुपणे झाल्यास यातली कोणती गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये?

आई-बाबांना इंग्रजीत बोलायला अवघड जात असेल तर दुभाषी मागता येतो. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून रुग्णांच्या हक्कांची संहिता लागू आहे. आपल्याला समजेल अशा रीतीने माहिती मिळणे आणि गरज असेल व शक्य असेल तेव्हा दुभाषी मिळणे हा त्यातला हक्क आहे. दहा वर्षांच्या नातवाला आजीच्या औषधांचा दुभाषी करू नये. आजी त्याच्यासमोर सगळे सांगत नाही, आणि त्यालाही सगळे शब्द येत नाहीत.

एक उदाहरण

समजा, पुण्याहून आलेले ७२ वर्षांचे बाबा आहेत. रोज चार गोळ्या घेतात : टेल्मा-एच, इकोस्प्रिन-एव्ही, ग्लायकोमेट-जीपी आणि पॅन-डी. वरच्या यादीप्रमाणे उलगडून पाहिले तर या चार गोळ्यांत आठ औषधे आहेत. भारतातल्या डॉक्टरांनी ती विचार करून दिली आहेत आणि बाबांची तब्येत बरी आहे.

आता गुडघा दुखतो म्हणून सुपरमार्केटमधून आयब्युप्रोफेन आणले. काय बदलले?

• टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि आयब्युप्रोफेन ही तिन्ही एकत्र आली. मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठा तिघेही तीन बाजूंनी कमी करतात. डॉक्टर याला 'ट्रिपल व्हॅमी', म्हणजे तिहेरी फटका म्हणतात. त्यात जुलाब झाले किंवा पाणी कमी प्यायले गेले तर मूत्रपिंड अचानक बंद पडू शकते.
• मूत्रपिंड मंदावले की मेटफॉर्मिन शरीरात साचू लागते.
• ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन मिळून पोटात रक्तस्रावाचा धोका वाढवतात. शिवाय हृदयासाठी दिलेल्या ॲस्पिरिनच्या कामात आयब्युप्रोफेन अडथळा आणू शकते.

म्हणजे गुडघ्याच्या एका गोळीने तीन ठिकाणी गडबड केली. त्याऐवजी योग्य मात्रेत पॅरासिटामॉल चालेल का, हे फार्मासिस्ट लगेच सांगू शकतो.

पुढच्या आठवड्यात खोकला वाढला. जीपीकडे बाबांनी 'बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल' एवढेच सांगितले आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक मिळाले. हे औषध यकृतातला तो निचऱ्याचा रस्ता अडवते. त्यामुळे ॲटोर्व्हास्टॅटिन साचून स्नायूंना इजा होऊ शकते. डॉम्पेरिडोनबरोबर ते हृदयाचे ठोके बिघडवू शकते, म्हणून ती जोडी टाळायलाच सांगतात. ग्लिमेपिराइडबरोबर साखर फार खाली जाऊ शकते. पित्ताच्या गोळीत डॉम्पेरिडोन आहे हे बाबांना माहीत नव्हते आणि डॉक्टरांना ती गोळीच माहीत नव्हती. कागदाची यादी समोर असती तर डॉक्टरांनी वेगळे अँटिबायोटिक निवडले असते किंवा थोडे दिवस एखादी गोळी थांबवायला सांगितली असती.

इथे चूक कुणाची, हा प्रश्न नाही. कुणीच निष्काळजीपणा केलेला नाही. फक्त यादी नव्हती.

नेहमी आढळणाऱ्या जोड्या

• वॉरफरिन + आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन : रक्तस्राव. डॉक्टरांनी मुद्दाम एकत्र दिले नसेल तर टाळावे.
• वॉरफरिन + मेट्रोनिडाझोल, कोट्रायमोक्साझोल, फ्लुकोनाझोल : आयएनआर वाढतो. तोंडात लावायचे मायकोनाझोल जेलसुद्धा यात येते.
• सॉर्बिट्रेट किंवा इतर नायट्रेट + सिल्डेनाफिल : रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली जातो. ही जोडी कधीही नको. संकोचामुळे हे सांगायचे राहून जाते, पण फार्मासिस्टला यात नवल वाटत नाही.
• नैराश्यावरची अनेक औषधे + ट्रामाडॉल किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फनचे खोकल्याचे औषध : थरथर, घाम, ताप, गोंधळ.
• मेथोट्रेक्सेट + ट्रायमेथोप्रिम : रक्तपेशी तयार होण्याचे काम बंद पडू शकते. गंभीर.
• टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची औषधे + ट्रायमेथोप्रिम : पोटॅशियम वाढते.
• क्लोपिडोग्रेल + ओमेप्राझोल : क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होऊ शकतो. पित्तासाठी दुसरा पर्याय विचारावा.
• लेव्होथायरॉक्सिन + कॅल्शियम किंवा लोह : चार तासांचे अंतर ठेवावे. थायरॉईडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यावी, चहा-कॉफी नंतर.
• सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन + लोह, कॅल्शियम किंवा ॲसिडिटीचे औषध : अँटिबायोटिक वाया जाते. सिप्रोफ्लॉक्सासिन दुधाबरोबरही घेऊ नये. अंतर किती ठेवायचे ते विचारावे.
• पॅरासिटामॉल + पॅरासिटामॉल : ही सर्वात साधी चूक. डोलो चालू असताना सर्दीची गोळी किंवा लेमसिपसारखे गरम पेय घेतले तर त्यातही पॅरासिटामॉल असते. धडधाकट प्रौढ माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. डोलो ६५० च्या सहा गोळ्यांतच ती जवळपास भरते. वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर मर्यादा आणखी कमी.

स्वयंपाकघर, उपवास आणि चूर्णे

हळदीच्या कॅप्सूलचे वर आलेच आहे. ज्येष्ठमध घसा बसल्यावर आपण सर्रास चघळतो. रोज आणि जास्त प्रमाणात घेतल्यास त्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होते. लघवी वाढवणारी गोळी किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर हे धोक्याचे आहे.

वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालक, मेथी अशा पालेभाज्या सोडायची गरज नाही. त्यांतले के जीवनसत्त्व वॉरफरिनच्या उलट काम करते, म्हणून प्रमाण आठवड्याला साधारण सारखे ठेवावे. एक आठवडा रोज पालेभाजी आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असे करू नये.

साखरेच्या गोळ्या घेत असताना कारल्याचा रस किंवा मेथीची पावडर औषध म्हणून सुरू केली तर साखर अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकते. उपवासाचेही तसेच. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन घेऊन एकादशीला निर्जळी राहणे धोक्याचे आहे. एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना लांबलेल्या उपवासात कीटोॲसिडोसिस होऊ शकतो आणि त्यात साखर फारशी वाढलेलीही दिसत नाही. नवरात्र किंवा श्रावण सुरू होण्याआधी डॉक्टरांशी बोलून गोळ्यांचे वेळापत्रक बदलून घ्यावे. उपवास करू नका असे सांगण्याचा हेतू नाही.

आयुर्वेदिक औषधांबद्दल एक वेगळी सूचना. २००४ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. घरच्या वैद्यांवर कितीही विश्वास असला तरी पुडीवर नाव व घटक छापलेले नसतील तर ती घेऊ नये. छापलेले असतील तर तेही यादीत लिहावेत.

उत्तर मिळाल्यावर काय करावे?

तपासणीत लाल अक्षरांत 'गंभीर' असे आले की घाबरून गोळी बंद करावीशी वाटते. तसे करू नये. काही औषधे अचानक थांबवणे हे इंटरॅक्शनपेक्षा वाईट ठरते. बीटा-ब्लॉकर, फिटची औषधे, स्टेरॉइड, रक्त पातळ करणारी औषधे ही त्यातली ठळक उदाहरणे. साधारणपणे असे धरावे :

• 'एकत्र देऊ नये' : नवे औषध अजून घेतले नसेल तर घेण्याआधी फार्मासिस्ट किंवा डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावा. आधीपासून दोन्ही घेत असाल तरी त्याच दिवशी विचारावे.
• 'काळजीपूर्वक द्यावे' : बहुधा डॉक्टरांनी विचार करूनच दिलेले असते. मात्रा किंवा रक्ततपासणी बदलायची का ते विचारावे.
• 'अंतर ठेवावे' : घड्याळ लावून प्रश्न सुटतो.

यादी एकदा करून संपत नाही. नवी गोळी आली, जुनी बंद झाली, मात्रा बदलली किंवा हॉस्पिटलमधून घरी सोडले की ती पुन्हा तपासावी. यादीचा फोटो मुलगा, सून आणि भारतातल्या डॉक्टरांकडेही असू द्यावा. परतताना इथे बदललेल्या गोळ्या त्यात लिहून द्याव्यात. नाहीतर पुण्याला पोहोचल्यावर जुन्या आणि नव्या अशा दोन्ही सुरू होतात.

भारतातून औषधे आणताना

डॉक्टरने लिहून दिलेली औषधे स्वतःसाठी जास्तीत जास्त तीन महिने पुरतील एवढीच आणता येतात. झोपेच्या, चिंतेच्या किंवा तीव्र वेदनांच्या ज्या गोळ्या इथे नियंत्रित औषधांत मोडतात त्या एक महिन्याच्याच. औषधे मूळ स्ट्रिपमध्ये ठेवावीत, प्रिस्क्रिप्शनची प्रत किंवा डॉक्टरांचे पत्र जवळ ठेवावे आणि प्रवासी घोषणापत्रात ती जाहीर करावीत. चूर्ण, काढ्याचे साहित्य, वाळलेल्या वनस्पती यासुद्धा जाहीर कराव्यात. उरलेल्या महिन्यांची औषधे कुरियरने मागवण्याचा बेत करू नये, ती कस्टम्समध्ये अडकतात. त्यापेक्षा आल्या-आल्या जीपीला भेटून इथली समान औषधे लिहून घ्यावीत. यादी जेनेरिक नावांत असेल तर हे काम एका भेटीत होते.

कधी थांबू नये?

काळी किंवा रक्तमिश्रित शौच, रक्ताची उलटी, न थांबणारा रक्तस्राव, अचानक गोंधळलेपणा, शुद्ध हरपणे, छातीत धडधड होऊन चक्कर, अंग फार दुखून लघवी गडद तपकिरी होणे, चेहरा-ओठ सुजून श्वास लागणे, दिवसभर लघवी न होणे : यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये.

• जिवाला धोका वाटला तर : १११
• हेल्थलाइन, चोवीस तास, मोफत : ०८०० ६११ ११६
• चुकून जास्त औषध घेतले गेल्यास नॅशनल पॉयझन्स सेंटर : ०८०० ७६४ ७६६

अल्बनीत मोठे हॉस्पिटल नाही. जवळचे म्हणजे टाकापुनाचे नॉर्थ शोअर हॉस्पिटल. तिकडे जाताना यादी आणि गोळ्यांची पिशवी दोन्ही बरोबर घ्या. औषधाचा वाईट परिणाम झाला असे वाटले तर त्याची माहिती मेडसेफला कुणीही कळवू शकते, त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही. हळदीचा इशारासुद्धा अशा एका नोंदीतूनच निघाला होता.

थोडक्यात : सगळी औषधे टेबलावर आणा, मूळ नावे लिहा, तपासा, विचारा आणि स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. या शनिवारी चहाच्या वेळी आई-बाबांबरोबर बसून यादी करा. अर्ध्या तासाचे काम आहे. गप्पांत कदाचित एखादी अशी गोळी निघेल जी तुम्हाला आजवर ठाऊकच नव्हती.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो!

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्येकाची प्रकृती आणि औषधे वेगळी असतात. आपल्या औषधांबाबतचा निर्णय आपल्या डॉक्टरांच्या किंवा फार्मासिस्टच्या सल्ल्यानेच घ्यावा.)